आतली बंडी

१० जानेवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, असं मला सारखं वाटतंय. फोड बाई. भांडायला लिहिलेलं नाही. दोन वर्षांनी कागद घेऊन बसलेय. माझा फोन तू अडवून ठेवलायस, त्यामुळे दुसरा मार्गही नाही.

इकडे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात, पण मशीनवर बसले की गप्प होतात. दुकानावर नवा पत्रा घातला. शेजारचे चपलावाले अजून तसेच आहेत, दिवसभर रेडिओ लावतात आणि बातम्या देणाऱ्याशी भांडतात. तुमच्याकडे काय? मुलीचे पेपर जवळ आले असतील. घरात सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत ना? सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या.

धंद्याचं म्हणशील, तर गाडीवाल्यांचे कपडे इतके बदललेत की मला रोज नव्याने शिकावं लागतं. पूर्वी माझ्याकडे काळ्या चामड्याशिवाय काही येत नव्हतं. आता चामडं एखादंच. बाकी सगळी जाळीची जॅकेटं, खांद्याला-कोपराला कडक पॅड, आणि रंग असा पोपटी-पिवळा की खुंटीला टांगलं तर दिवा लावायला नको. जीन वरून साधीच दिसते, पण आत असं अस्तर की रस्त्यावर घासत गेली तरी फाटत नाही. बायकांच्या जॅकेटांची तऱ्हा वेगळीच. कंपनीवाले पुरुषाचं जॅकेट घेतात, कंबर आवळतात, एक गुलाबी पट्टी मारतात, की झालं बायकांचं! कोपराचा पॅड येतो मनगटाशी. मग त्या बिचाऱ्या माझ्याकडे धावतात.

माझी एक दातांची डॉक्टरीण आहे, तिचे पॅड जागेवर आणताना माझ्या नाकी नऊ आले. पण गिऱ्हाईक असावं तर असं. आरशात बघत नाही. स्टुलावर बसते, हँडल धरल्यासारखे हात पुढे करते आणि सांगते, इथे ओढतंय. बाकीचे पोट आत घेऊन उभे राहतात आणि फोटोत कसं दिसेल ते विचारतात.

त्यापेक्षा आधीचा काळ तुला आठवतच असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वरची बटणं उघडी, डोक्यावर काही नाही, केस मागे उडताहेत. त्यालाच सगळे रुबाब म्हणायचे. तुझ्या भाऊजींचा तसा एक फोटो माझ्याकडे आहे. असो.

बरं, ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. परवा तुझी स्वारी दुकानात आली होती.

तेच काळं जॅकेट घेऊन. त्या जॅकेटावरून आपल्यात जे झालं ते मी आज काढत नाही, तूही काढू नकोस. "लोंबतंय, ताई. अंगाबरोबर करून द्या," म्हणाले. मी टेप लावली, खडूने खूण केली, आणि पुन्हा टेप लावली, कारण माझा विश्वासच बसेना. इतकी वर्षं मी त्यांचं माप घेतेय. आत काही घालता का, म्हणून विचारलं, तर जरा थांबून म्हणाले, "थंडीची एक बंडी असते. तेवढी जागा ठेवा." तेवढी ठेवली, त्याहून बोटभरही जास्त नाही. दोन्ही बगलांखाली दुहेरी शिवण मारली, जाड नायलॉनच्या दोऱ्याने. माझी शिवण सुटत नाही हे तुला सांगायला नको.

शनिवारच्या आत हवं होतं. त्यांची ती टोळी घाटावर जाणार आहे म्हणे. ते मिशीवाले, ते हार्डवेअरचे दुकानदार, ते निवृत्त मास्तर, सगळी जुनी खोडं. स्वारी जॅकेट घालून आरशात पुढून बघून झाली, मागून बघून झाली, आणि खूष होऊन गेली.

मी मात्र कापून काढलेल्या चामड्याच्या पट्ट्या मांडीवर घेऊन बसले. इतके कसे उतरलात, म्हणून विचारलं होतं मी त्यांना. हसून म्हणाले, "वय झालं, ताई." वय झालं की माणूस सुटतो गं, आवळत नाही! मला काय म्हणायचंय ते तुला कळलं असेल. डॉक्टरांना दाखवलंत का? दोन ओळी लिही. माझ्याशी बोलायचं नसेल तर नुसतं 'बरं आहे' लिहिलंस तरी चालेल.

मुलीला आशीर्वाद.

तुझी
ताई



शनिवार सकाळ, दुकानातून

धाकटे,

बसचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या हाती ही चिठ्ठी तुझ्या घरी पाठवतेय. वाचलीस की पहिलं हे कर: स्वारी अजून घरात असेल तर ते जॅकेट अंगावर चढू देऊ नकोस. चढलं असेल तर उतरव. भांड, रड, किल्ली लपव, काय वाटेल ते कर.

आता कारण सांगते. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

तुझं पत्र आत्ता मिळालं. रक्तात साखर निघाली होती, गोड बंद केलंय, रोज चालायला नेतेस, म्हणून उतरलेत, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीण ट्रायलला आली होती. त्या आनंदात मी पुढचं तिला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. 'आता मला त्यांच्या गाडीची भीती वाटत नाही. मी त्यांना हवेची बंडी घेऊन दिलीय. एक दोरी गाडीला अडकवायची, माणूस उडाला की दोरी ओढली जाते आणि बंडी फुगते. मित्र हसतील म्हणून जॅकेटच्या आत घालतात, पण घालतात ना.'

डॉक्टरणीने माझा हात धरला. "आत? कोणत्या जॅकेटच्या आत?"

मी खुंटीकडे बोट दाखवलं, पण खुंटी रिकामी होती.

तिच्याकडे तशीच बंडी आहे. ती म्हणाली, "मावशी, ती जॅकेटच्या वरून घालायची असते. फुगली की छातीभोवती उशी बांधल्यासारखी होते. बाहेर जायला जागा नसेल तर ती आत दाबणार. बरगड्यांवर. श्वास घेता येणार नाही." आणि मी जागा ठेवलीय ती न फुगलेल्या बंडीची. त्यांनी थंडीची म्हणून सांगितलं आणि मी मान डोलावली. पुन्हा वरून माझी दुहेरी शिवण.

तुला डॉक्टरणीच्या फोनवरून लावला, तू उचलला नाहीस. त्यांचा बंद आहे. गाडीवर असले की बंदच ठेवतात, तुला माहीत आहे.

चूक कोणाची ते नंतर बघू. तुला वाटलं, फुगेल आणि वाचवेल. मला वाटलं, घट्ट बसेल आणि वाचवेल. दोघींचं आपापल्या जागी बरोबर होतं. एकमेकींशी बोलत असतो तर एका वाक्यात हे कळलं असतं.

मी डॉक्टरणीच्या मागे बसून घाटाकडे निघतेय. हो, मोटरसायकलवर. चामड्याची कात्री बरोबर घेतलीय, भेटले तिथेच बगला उसवून देईन. ती हॉर्न वाजवतेय.

ताई



रविवार दुपार

प्रिय धाकटे,

आधी हे वाच: स्वारी जिवंत आहे. माझ्या खाटेवर झोपलीय आणि घोरतेय. एका बरगडीला बारीक चीर आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. याहून जास्त काही नाही. आता पाणी पी आणि मग पुढे वाच.

कालची चिठ्ठी ड्रायव्हरने परत आणून दिली, तुझ्या घराला कुलूप होतं. तू मुलीला घेऊन परीक्षेला गेलीयस हे मला नंतर स्वारीकडून कळलं. ती चिठ्ठी सोबत ठेवलीय, म्हणजे तुला सगळं सलग कळेल. काल संध्याकाळी त्यांनी तुला फोन करून "मस्त झाली राईड" म्हणून सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते. फोन ओढून घ्यावा असं वाटलं होतं. पण पोरीचा शेवटचा पेपर उद्या आहे. आणि खरं सांगायचं तर हे मला तोंडाने सांगता आलं नसतं.

डॉक्टरणीने मला एका गिऱ्हाइकाचं कच्च्या टाक्यांवर असलेलं जॅकेट चढवलं, डोक्यावर हेल्मेट कोंबलं आणि म्हणाली, "मला घट्ट धरा आणि मी झुकेन तशा झुका." मागच्या सीटवर मी शेवटची बसले होते ती तुझ्या भाऊजींच्या. त्याच गाडीवरून पडून ते गेले आणि मी जॅकेटं शिवायला लागले, पण त्यानंतर गाडीवर कधी बसले नाही. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रिक्षा आहे, बस आहे, चालतंय.

हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. प्रत्येक वळणावर मी आधी कठड्याकडे बघायची, खाली काही काळं पडलंय का म्हणून. एका वळणावर काळं दिसलं. फुटलेला टायर होता. त्या पूर्ण रस्ताभर मी एकच मागत होते, की माझी शिवण उसवू दे. उभ्या जन्मात मी असं मागितलेलं नाही. माझ्या दुकानातून गेलेल्या कपड्याचा टाका सुटला तर मला जेवण जात नाही, आणि काल मी म्हणत होते, देवा, एवढं एक काम माझ्या हातून वाईट झालेलं असू दे.

घाटमाथ्यावर चहाची टपरी आहे. टोळी नुकतीच पोचत होती. मिशीवाले उतरून मिशा पुसत होते, दुकानदार हातमोजे काढत होते, मास्तर पाय झटकत होते. स्वारी अजून गाडीवरच होती. गाडी स्टँडवर, बाई, आणि माणूस धडधाकट. मला रडूच फुटलं. पण रडताना माझा आवाज किती चढतो तुला ठाऊक आहे.

"जॅकेट काढा!" मी ओरडले.

सगळे वळले. डोक्यावर हेल्मेट, अंगावर लोंबते टाके, हातात ही मोठी कात्री, अशी मी. मिशीवाल्यांना हसू आवरेना. "काय ताई, माप चुकलं का?"

"हो, चुकलं. अहो, तुम्ही काढा आधी ते!"

स्वारीचा चेहरा पडला. मला काय कळलंय ते त्यांना लगेच समजलं. हळूच म्हणाले, "ताई, इथे नको."

"इथेच. आत्ता."

"आत काही नाहीये," ते मोठ्याने म्हणाले, म्हणजे टोळीला ऐकू जाईल असं. मी त्यांच्या जॅकेटच्या चेनला हात घातला. त्यांनी माझा हात झटकला आणि मला बाजूला नेऊन समजवावं म्हणून पलीकडच्या बाजूने झटक्यात खाली उडी मारली.

दोरी गाडीलाच अडकलेली होती.

फट्ट असा आवाज आला. त्यांचे हात अंगापासून दूर झाले आणि तसेच राहिले. तोंड उघडलं, पण आवाज नाही. जॅकेट इतकं ताणलं गेलं की चामडं चकाकायला लागलं. आधी ते हसताहेत असं वाटून बाकीचेही हसले. मग ते गुडघ्यांवर बसले, आणि ओठ निळे पडताना मी पाहिले. डॉक्टरणीने चेन ओढली, ती जागची हलेना. मिशीवाले ओढायला लागले, तर चेनच्या कडीचा तुकडाच त्यांच्या हातात आला.

मी बगलेखाली कात्री घातली. आत टोक शिरायला जागा नव्हती, धाकटे. मीच ठेवली नव्हती. पहिली शिवण कापली आणि खाली दुसरी लागली, आणि मी माझ्याच हाताला शिव्या घातल्या. डॉक्टरीण म्हणत होती, "मावशी, वरून नाही, कडेकडेने." कडेकडेने कापत गेले. दोरा तुटताना मला बोटांत कळत होतं, एकेक. मग बाजू एकदम फाटली, बंडी बाहेर आली, भली मोठी पिवळी, आणि त्यांनी असा श्वास घेतला की टपरीवाला भांडी टाकून धावत आला.

उताणे पडलेले, डोळ्यांत पाणी, आणि तुझ्या नवऱ्याचं पहिलं वाक्य काय असावं? "दिसली का?"

मी एक थोबाडीत देणार होते. वय आणि नातं आड आलं.

कोणी हसलं नाही. मिशीवाल्यांनी वाकून ती पिवळी बंडी बोटाने दाबून बघितली. मग त्यांनी स्वतःच्या जॅकेटची चेन खाली ओढली. आत पाठीला पट्ट्यांनी बांधलेलं कासवाच्या पाठीसारखं कवच. "सुनेने दिलंय," म्हणाले. मास्तरांनी पँटचा पाय वर केला, तर गुडघ्यांवर बांधलेल्या कडक वाट्या. दुकानदार तर म्हणाले, माझीही अशीच बंडी आहे, पण तुम्ही काय म्हणाल म्हणून मी ती घरून घालून निघतो आणि पहिल्या वळणावर काढून डिकीत ठेवतो. हवेच्या बंडीला 'विमानातून उडी मारायची आहे का' म्हणून हसणारे हेच ते सगळे.

"मग लाजत कोणाला होता?" मी विचारलं. मास्तर पँटचा पाय खाली करायला लागले.

खाली येताना स्वारी दुकानदारांच्या भावाच्या गाडीतून आली, चारचाकीतून. माझ्या घरी आणलं कारण तेच जवळ. एक्स-रे काढला. मी डॉक्टरणीला म्हणाले, मी गेले नसते, ओरडले नसते, तर त्यांनी उडी मारली नसती, म्हणजे हे माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "झालं ते उभ्याने झालं, आणि शेजारी कात्री होती. उताराच्या वळणावर झालं असतं तर?" ती बरोबर आहे. तरीही काल मी जेवले नाही.

रात्री स्वारी म्हणाली, "धाकटीला नका सांगू, ताई. ती बंडी आणल्यापासून ती शांत झोपते. त्याआधी मी घरी येईपर्यंत खिडकीत उभी राहायची. मी ती तिच्यासाठी घालत होतो." मी म्हटलं, मी लिहिणार. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तू रागावशील, आणि रागाव. पण एवढं लक्षात ठेव, की मित्रांपुढे लाजत असूनही तुझ्यासाठी त्यांनी ती एकदाही घरी ठेवली नाही. गाडी पुन्हा चालवायची की नाही हे तुम्ही दोघं ठरवा. चालवली तर बंडी वरून, आणि ते मी स्वतः दारात उभी राहून बघेन. जॅकेट आता शिवण्याजोगं राहिलं नाही. मी ते शिवणारही नाही.

आता शेवटचं. दोन वर्षं मी हे टाळलं. पहिल्या पत्रातही टाळलं.

त्या दिवशी तुझ्या स्वारीच्या अपघातानंतर तू फाटलेलं जॅकेट माझ्यापुढे टाकलंस आणि म्हणालीस, हे शिवू नकोस. मी शिवलं. तेव्हा तू म्हणालीस, "तुझं काय जातंय? तुझा जायचा तो गेला. तुला आता भीती कसली?" मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, खरंच असेल. ज्याच्याकडे जपायला काही उरलं नाही, त्याला कसली भीती? म्हणून मी बिनघोर शिवत होते, असं मी स्वतःला सांगत आले.

खोटं होतं ते. काल घाटात प्रत्येक वळणावर मी भ्याले. त्यांच्यासाठी भ्याले, आणि त्याहून जास्त तुझ्यासाठी. मी ज्या खोलीत इतकी वर्षं एकटी निजते, त्या खोलीत तुला एकटीला बघावं लागेल, याची मला भीती वाटली. तू विचारलं होतंस ना कसली? ही. आजची नाही. ते पहिलं जॅकेट शिवलं तेव्हापासूनची. प्रत्येक टाक्यात तीच होती.

पोरीचा पेपर झाला की दोघी इकडेच या. उत्तर लिहीत बसू नकोस. यांना दोन शब्द सुनाव, मला चार सुनाव, आणि मग जरा वेळ माझ्याजवळ बस.

तुझी,
भित्री ताई